हॅरो ब्रँचला हवाय एक गोरा

इंग्रज माणसाशी वाट्टेल त्या विषयावर बोलता येतं, फक्त तो विषय तो स्वतः असता कामा नये. हवामान चालतं. कुत्रं चालतं. कुत्र्याचं ऑपरेशन तर फारच चालतं. पण 'तुम्ही कोण, कुठले' असं विचारलंत की चहात मीठ पडल्यासारखा चेहरा करून तो बसची वेळ बघायला लागतो.

असल्या देशात आमच्या हॉलीब्रुक बिल्डिंग सोसायटीच्या, म्हणजे घरकर्ज देणाऱ्या बँकेच्या, हेड ऑफिसने २००६च्या जानेवारीत हिरवा फॉर्म काढला. घरासाठी कर्ज मागायला येणाऱ्या प्रत्येकाने मॉर्गेजच्या अर्जाबरोबर तो भरायचा. वंश कुठला, धर्म कुठला, अपंगत्व आहे का. हेतू उदात्त होता. कर्ज देताना आपण कुणाचा रंग बघत नाही, हे सिद्ध करायचं होतं, आणि ते करायला आधी प्रत्येकाचा रंग लिहून घ्यायचा होता. यातली गंमत हेड ऑफिसला दिसली नाही. हेड ऑफिसला गंमत दिसत नाही, टक्के दिसतात.

वंशाचे सोळा चौकोन होते. सतरावा चौकोन 'सांगायची इच्छा नाही'. तो पूर्णपणे ऐच्छिक होता, फक्त शंभरातल्या पाचांपेक्षा जास्त लोकांनी त्यात टिक केली तर ब्रँचला लाल शेरा. म्हणजे नकार द्यायचं स्वातंत्र्य होतं, कुणी ते वापरलं नाही तर.

सोबत नियमांचा लॅमिनेट केलेला कागद आला. त्यातला चौथा नियम असा: ग्राहक स्वतःबद्दल जे सांगेल ते अंतिम. स्टाफने शंका घेऊ नये, खुलासा मागू नये, भुवई उंचावू नये. हो, भुवई उंचावू नये असं छापलं होतं. त्याचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालं, सँडविचेससकट.

लंडनमधल्या आमच्या हॅरो ब्रँचचा मॅनेजर ग्रॅहम टटल म्हणजे सभ्यपणाचा कळस. तो गिऱ्हाइकासमोर फॉर्म ठेवायचा, पेन ठेवायचा आणि "मी जरा बघून येतो" म्हणत उठायचा. काय बघून येतो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. खिडकीशी जाऊन समोरच्या चपलांच्या दुकानाकडे बघत उभा राहायचा. परत येईपर्यंत गिऱ्हाइकाने फॉर्मवर चहाचा कप ठेवलेला असायचा. पहिल्या महिन्यात भरून आले शंभरात अकरा. त्यातल्या एकावर 'वंश' या रकान्यात आपल्या फुटबॉल क्लबचं नाव, 'टॉटनहॅम', लिहिलं होतं.

हेड ऑफिसचं पत्र आलं: मार्चअखेर पंचाण्णव टक्के पाहिजेत.

"पॅम," ग्रॅहम म्हणाला. माझं नाव प्रमोदिनी खांबेटे, पण तेवढं म्हणेपर्यंत ग्रॅहमचा लंच ब्रेक संपला असता. "तू हे हातात घेशील का? म्हणजे तुझी माणसं... म्हणजे तू... तुला लोकांशी बोलता येतं."

ट्रेनिंग झालेलं असल्यामुळे मी भुवई जागेवर ठेवली.

"आणि माझं पर्मनंटचं लेटर?"

"पंचाण्णव टक्के झाले की मी त्याच दिवशी हेड ऑफिसला सहीला पाठवतो. शब्द देतो."

हे लेटर म्हणजे माझ्यासाठी घर होतं. मी टेम्पररी होते, आणि टेम्पररी माणसाचा पगार मॉर्गेजच्या हिशेबात धरायचा नाही असा आमच्याच सोसायटीचा नियम. रेनर्स लेनला एक तीन बेडरूमचं सेमी, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं घर, आम्ही पसंत केलं होतं. 'पसंत केलं' हे दोन शब्द लिहायला आम्हाला सोळा वर्षं लागली आहेत, कारण माझे मिस्टर, यतीन खांबेटे, हे कौन्सिलचे वजनमापं इन्स्पेक्टर. दुकानातला काटा बरोबर आहे का, पबमध्ये बिअरची पिंट म्हणून देतात ती खरंच पिंट आहे का, हे बघायचं त्यांचं काम. घर बघायला जाताना ते टेप घेऊन जातात. एस्टेट एजंटच्या कागदावर बेडरूम बारा फूट आणि टेपमध्ये अकरा फूट दहा इंच निघाली की विषय संपला. "जो माणूस दोन इंचांचं खोटं बोलतो, तो गटाराबद्दल काय बोलत असेल?" अशी एकवीस घरं गटारात गेली. आमची तनिषा पंधरा वर्षांची झाली आणि बॉयलरच्या कपाटाशेजारी अभ्यास करत राहिली.

आणि मग रेनर्स लेनचं हे घर. प्रत्येक खोली कागदावर होती तेवढीच टेपवर भरली. यतीन जिन्यात उभे राहिले आणि त्यांचे डोळे पाणावले. मालक म्हातारं जोडपं होतं, बोर्नमथला मुलीकडे चाललं होतं. त्यांनी मुदत दिली: एकवीस एप्रिलपर्यंत कर्जमंजुरीचं पत्र दाखवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

तेव्हा मी हिरवा फॉर्म हातात घेतला.

इथे थोडं आमच्याबद्दल सांगायला हवं. इंग्रजांना माणूस ओळखायला सोळा चौकोन लागतात. आम्हाला दोन प्रश्न लागतात. लग्नापूर्वी मी पुण्यात एका सहकारी बँकेत होते. काउंटरवर माणूस आला की पहिला प्रश्न, "आडनाव काय?" दुसरा प्रश्न, "मूळचे कुठले?" तेवढ्यात जात, पोटजात, कुलदैवत, घरात लसूण चालतो की नाही, सगळं हाती यायचं. तरीही कुठे अडलं तर तिसरा, राखीव प्रश्न: "आईचं माहेर कुठलं?" त्यातून आजवर कुणी सुटलेलं नाही. आणि वर आम्ही म्हणणार, "आम्ही बाई जातपात काही मानत नाही." फॉर्म नाही, हेतू नाही, लॅमिनेट केलेला कागद तर नाहीच.

शिवाय मला या देशात सोळा वर्षं प्रत्येक बसस्टॉपवर विचारलेलं आहे, "व्हेअर आर यू फ्रॉम?" मी म्हणते, हॅरो. "नो, बट ओरिजिनली?" म्हटलं, आता माझी पाळी.

पहिले सापडले मिस्टर हॅलिवेल. वय साठ, रिटायर्ड ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर. मागच्या बाजूला कॉन्झर्वेटरी, म्हणजे काचेची खोली, काढायची म्हणून वाढीव मॉर्गेज मागायला आलेले. मी चहा दिला आणि फॉर्म समोर ठेवलाच नाही.

"हॅलिवेल म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?"

"पिनर," ते म्हणाले.

"ते आत्ता झालं. ओरिजिनली?"

ते गडबडले. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्यांनी तो विचारला मात्र खूप जणांना असणार, चेहऱ्यावरून कळत होतं.

"वडील... वडील कार्डिफला वाढले. गोदीत कामाला होते."

"गोदीत म्हणजे आजोबा जहाजावर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं. कुठून आलं जहाज?"

"नॉर्वे," हॅलिवेल हळूच म्हणाले. "आजोबा नॉर्वेचे होते. घरात कुणी बोलायचं नाही त्याबद्दल."

मी राखीव प्रश्न काढला. "आणि आईचं माहेर?"

चहा निवला. आई गॉलवेची होती, आयरिश. तिने नवऱ्याच्या घरी येऊन आपली प्रार्थनेची माळ पिठाच्या डब्यात लपवली होती. हे हॅलिवेलनी स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला. मग मी हिरवा फॉर्म सरकवला, आणि त्यांनी 'व्हाइट ब्रिटिश'चा चौकोन ओलांडून 'इतर कुठलाही मिश्र वंश' इथे अशी टिक केली, की कागद फाटला.

"थँक यू, पॅम," ते म्हणाले. "साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

त्यानंतर लाइन लागली. हॅलिवेलनी बोलिंग क्लबमध्ये सांगितलं, बोलिंग क्लबने चर्चमध्ये. लोक कर्ज नको असताना यायला लागले. प्लंबरची पणजी फ्रेंच निघाली. शाळेत जेवण वाढणाऱ्या डिनर लेडीचे आजोबा पोलंडहून आलेले. एक शिक्षिका मूळची कार्डिफची. ती म्हणाली, मी वेल्श आहे, माझ्यासाठी चौकोन नाही, आणि हात तोडला तरी ब्रिटिशवर टिक करणार नाही. तिने 'इतर' वर टिक करून पुढे तीन ओळी वेल्शमध्ये लिहिल्या. नियम चार! मी खुलासा मागितला नाही. आणि मिसेस शहांना मी काही विचारायच्या आतच त्यांनी आपल्या सासरची सात गावं सांगून मला विचारलं, "तुमचं कोण आहे ग्रीनफर्डला?"

मार्चअखेर शंभरात शंभर. 'सांगायची इच्छा नाही' यावर एकही टिक नाही. उलट लोक पाठीमागे पुरवणी जोडत होते. ग्रॅहमने खिडकीशी जाणं सोडलं, माझं लेटर टाइप केलं आणि सहीसाठी हेड ऑफिसला पाठवलं. सोबत आमचा मॉर्गेजचा अर्जही. त्यातला आमचा हिरवा फॉर्म तेवढा बाकी होता. स्टाफच्या घरच्यांचा फॉर्म मॅनेजरसमोर भरायचा असतो, आणि यतीनना त्या आठवड्यात वेम्बलीतल्या सगळ्या पब्जच्या पिंट मोजायच्या होत्या.

दहा एप्रिलला हेड ऑफिसहून फिओना आली. ती कम्प्लायन्स, म्हणजे नियम पाळले जातात का ते, बघायची. हातात एक तक्ता होता आणि चेहरा मयताला आल्यासारखा.

"ग्रॅहम, गेल्या तीन महिन्यांत तुमच्या ब्रँचने बासष्ट कर्जं मंजूर केली."

"हो," ग्रॅहम अभिमानाने म्हणाला.

"त्यात व्हाइट ब्रिटिश किती?"

ग्रॅहमने माझ्याकडे बघितलं. मी चपलांच्या दुकानाकडे.

"शून्य," फिओना म्हणाली. "इंडियन एकवीस. आयरिश अकरा. इतर व्हाइट चौदा. मिश्र पंधरा. आणि एक... हे काय आहे?"

"वेल्श," मी म्हणाले. "पुढे कविता आहे बहुतेक."

"हॅरोमध्ये हजारो व्हाइट ब्रिटिश माणसं राहतात, आणि तुम्ही एकालाही कर्ज दिलेलं नाही! ही ब्रँच इंग्रजांना डावलते असा याचा अर्थ होतो."

ग्रॅहम टटल, ज्याचे बाप, आजे, पणजे हॅरोच्या बाहेर फक्त युद्धासाठी गेले होते, तो इंग्रजांना डावलत होता. बिचारा खुर्चीत बसला.

"पण त्यांनीच तसं लिहिलंय," मी म्हणाले. "नियम चार."

"नियम चार मीच लिहिलाय," फिओना म्हणाली, आणि क्षणभर फार थकलेली दिसली. "म्हणूनच मला काही करता येत नाही. आमचं मशीन प्रत्येक गटाची तुलना व्हाइट ब्रिटिशांशी करतं. तुमच्याकडे तो आकडा शून्य आहे. शून्याने भागायला गेलं की ते बंद पडतं. सगळ्या ब्रँचेसचा रिपोर्ट अडकलाय. तो होईपर्यंत इथलं सगळं थांबलेलं. कर्जं, सह्या, स्टाफची लेटर्स, सगळं."

"किती दिवस?"

"एक व्हाइट ब्रिटिश येईपर्यंत. मला शंभर नकोत. एक हवाय."

एकवीस एप्रिलला अकरा दिवस होते.

मी आधी हॅलिवेलना फोन केला. ग्राहकाने स्वतः लेखी दिलं तर फॉर्म बदलता येत होता.

"मिस्टर हॅलिवेल, एक छोटंसं काम होतं. तुम्ही परत इंग्लिश व्हाल का? एका कागदापुरते."

ते म्हणाले, "पॅम, मी सध्या स्वेटर विणतोय. आजोबांच्या गावच्या नक्षीचा. जूनमध्ये आम्ही नॉर्वेला जातोय, तिथे माझे अकरा चुलतभाऊ सापडलेत. आणि आत्ता तुम्ही मला म्हणताय की मी पिनरचा?"

"एक टिक फक्त."

"साठ वर्षं मी ती टिक करत होतो," हॅलिवेल म्हणाले. "आता नाही." आणि नॉर्वेजियन भाषेत काहीतरी म्हणून फोन ठेवला. बहुतेक शिवी असावी, पण शिकाऊ.

प्लंबर म्हणाला, बायकोला माझं फ्रेंच असणं फार आवडलंय, घरात वातावरण बदललंय, प्लीज. शिक्षिकेला मी फोन केला नाही. ती कवितेचा दुसरा भाग पाठवेल अशी भीती वाटली.

गुरुवारी दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. उंच, लालबुंद, ब्लेझर, छत्री. बाहेर ऊन असताना छत्री! ग्रॅहम काउंटरवरून उडी मारल्यासारखा बाहेर आला. मी खुर्ची ओढली. कुणीतरी बिस्किटं आणली, चॉकलेटवाली, जी फक्त ऑडिटला काढतात.

"मॉर्गेज हवंय ना तुम्हाला?" ग्रॅहमने विचारलं.

"मला पार्किंगच्या मशीनसाठी सुटे हवेत."

"देतो ना. आणि मॉर्गेज? छोटंसं? शेड बांधायची असेल. कुत्र्याला घर?"

"नको."

मी पुढे झाले. सवयीने तोंडातून गेलं, "मूळचे कुठले तुम्ही?" ग्रॅहमने माझा दंड एवढ्या जोरात दाबला की चार दिवस वळ होता. "नको, विचारू नकोस! आहे तसा राहू दे त्याला!"

त्या माणसाने एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा बिस्किटांकडे, आणि निघून गेला. बाहेर त्याच्या गाडीवर दंडाचं तिकीट लागलेलं होतं. सोसायटीला आणखी एक कायमचा शत्रू मिळाला, आणि तोही व्हाइट ब्रिटिश.

अठरा तारखेला म्हाताऱ्या मालकिणीचा फोन आला. आवाज गोड होता. दुसरं गिऱ्हाईक रोख देतंय म्हणाली. शुक्रवारपर्यंत थांबते, पुढे नाही.

त्या संध्याकाळी पोळ्या लाटताना मला एकदम आठवलं, की एक हिरवा फॉर्म अजून कोरा आहे. आमचा. अर्ज दोघांच्या नावावर असला की पहिल्या नावाचा फॉर्म मशीनमध्ये जातो, आणि पहिलं नाव यतीनचं होतं.

"अहो, उद्या अकरा वाजता ब्रँचमध्ये यायचंय. फॉर्म भरायला."

"येतो की."

"त्यात वंशाच्या रकान्यात व्हाइट ब्रिटिशवर टिक करायची."

यतीननी वाटी खाली ठेवली. "काय करायची?"

मी सगळं सांगितलं. मशीन, शून्य, नियम चार. ते ऐकत होते आणि चेहरा फेसाळलेल्या पिंटकडे बघितल्यासारखा होत होता.

"प्रमोदिनी, मी सरकारी माणूस आहे. मी मापाचं खोटं पकडतो."

"ब्रिटिश तर आहात ना? पासपोर्ट आहे. पन्नास टक्के खरंच आहे."

"पन्नास टक्के खरं म्हणजे खोटं!"

तनिषा कपाटामागून बाहेर आली. "आई, बाबा व्हाइट कसा असणार? बाबा व्हाइट नाहीये. बाबा बिस्किट आहे."

"तू अभ्यास कर," आम्ही दोघंही म्हणालो. या एका बाबतीत आमचं एकमत असतं.

मी बेडरूममध्ये गेले आणि कागदांच्या फायलीतून एक पिवळा पडलेला कागद काढून आणला. सदाशिव पेठेतल्या वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म, १९८५चा. माझ्या बाबांनी तो जपून ठेवला होता, कधी कोर्टात लागला तर म्हणून.

"वाचा."

"आत्ता कशाला?"

"मीच वाचते. मुलाचं नाव यतीन. उंची पाच फूट नऊ इंच. अहो, तुमची उंची किती?"

त्यांनी वाटी परत उचलली.

"पाच फूट साडेसहा. मी टेपने मोजलीय, तुमच्याच. अडीच इंच माल कमी. पबमध्ये अडीच इंच फेस निघाला तर तुम्ही मालकाला कोर्टात उभं करता. पुढे वाचते. स्वभाव, मनमिळाऊ. ते जाऊ दे. वर्ण: गोरा."

"ते आईने लिहिलं होतं," यतीन म्हणाले.

"सही कुणाची आहे खाली?"

सही त्यांची होती. पेठेतली, वळणदार.

"एकवीस वर्षं झाली," मी म्हणाले. "मी शंका घेतली? खुलासा मागितला? मुंडावळ्या बांधून समोर तुम्हाला बघितलं तेव्हा भुवई उंचावली? नियम चार मी फिओनाच्या आधीपासून पाळतेय. बायको मिळवायला तुम्ही गोरे होऊ शकता, आणि त्या बायकोला घर मिळवून द्यायला नाही?"

यतीननी कागदाची घडी घालून तो परत दिला. मग म्हणाले, "त्या घराच्या खोल्या बरोबर भरल्या होत्या, नाही?"

"इंचाइंचाला."

"किचनसुद्धा," ते म्हणाले, आणि गपचूप पोळी वाढून घेतली.

बुधवारी अकरा वाजता ते आले. सूट घातला होता, टाय लावला होता. मला त्या खोलीत जायला बंदी होती, म्हणून मी काचेबाहेर फाइल्स लावायचं नाटक करत उभी राहिले. दार मात्र ग्रॅहमने उघडं ठेवलं. आत ग्रॅहम, यतीन, आणि निरीक्षक म्हणून फिओना.

ग्रॅहमने फॉर्म ठेवला, पेन ठेवलं आणि सवयीने उठायला लागला. मग परत बसला. यतीननी पेन उचललं. सोळा चौकोनांवरून त्यांची नजर एखाद्या दुकानाच्या काट्यांवरून फिरावी तशी फिरली. मग पहिल्याच चौकोनात त्यांनी टिक केली. नीट, रेषेच्या आत.

फिओनाने फॉर्म घेतला. बघितला. यतीनकडे बघितलं. परत फॉर्म बघितला. तिच्या कपाळावर जे काही चाललं होतं ते मी काचेतूनही बघू शकत होते. दोन्ही भुवया वर जायला निघाल्या होत्या आणि ती त्यांना खाली ओढत होती.

"मिस्टर खांबेटे," ती म्हणाली, "हा प्रश्न तुम्हाला नीट..."

"फिओना," ग्रॅहम म्हणाला.

मी त्याला तीन वर्षं ओळखत होते, पण हा आवाज त्याच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. त्याने भिंतीवरचा लॅमिनेट केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "नियम चार. शंका घेऊ नये. खुलासा मागू नये. आणि तिसरी गोष्ट तू आत्ता करतेयस."

फिओनाच्या भुवया खाली आल्या.

"मी फक्त विचारत होते, की नीट बसलात ना," ती म्हणाली.

"उत्तम," यतीन म्हणाले.

दुपारी तीनला मशीनने भागाकार केला. चारला माझं लेटर सही होऊन फॅक्सने आलं. गुरुवारी मंजुरीचं पत्र आलं, आणि शुक्रवारी सकाळी आम्ही ते म्हातारीच्या हातात दिलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि मला विचारलं, "यू आर इंडियन, डिअर?" मी म्हणाले, "मी आहे. ह्यांचं जरा वेगळं आहे."

जूनमध्ये आम्ही राहायला गेलो. तनिषाला स्वतःची खोली मिळाली, तिने दार लावून घेतलं आणि ते अजून उघडलेलं नाही. यतीन रोज संध्याकाळी बागेची लांबी मोजायचे. ती बरोबरच भरायची. पण रात्री जेवताना मधूनच म्हणायचे, "कुणी तपासायला आलं तर?"

आलं. ऑगस्टमध्ये हेड ऑफिसचं पत्र आलं, की वार्षिक पुस्तिकेत यंदा 'आमचे विविध ग्राहक' असं एक पान आहे. इंडियन ग्राहक मिळालेत, आयरिश मिळालेत, स्वेटर घातलेले एक नॉर्वेजियन गृहस्थसुद्धा मिळालेत. हॅरो ब्रँचमधून त्यांना व्हाइट ब्रिटिश ग्राहक हवाय. रेकॉर्डप्रमाणे तो एकच आहे.

शनिवारी फोटोग्राफर आला. दार यतीननी उघडलं.

"मिस्टर खांबेटे आहेत का?"

"मीच."

त्याने हातातली यादी बघितली. यतीनकडे बघितलं. बॅगेतून लॅमिनेट केलेला कागद काढून बघितला. तो आता सगळ्यांना वाटला होता. कागद आत ठेवला आणि म्हणाला, "लवली हाउस." यतीनना बागेत गुलाबापाशी उभं केलं, हातात चहाचा कप दिला, तीन दिवे लावले आणि मग म्हणाला, "जरा फ्लॅश वाढवतो हं."

फ्लॅश इतका वाढवला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. त्यातही दर वेळी कॅमेऱ्यात बघून म्हणायचा, "आणखी थोडा." पुण्याच्या ज्या स्टुडिओत ह्यांचा स्थळासाठीचा फोटो काढला होता, त्या माणसानेही अगदी हेच केलं होतं म्हणे. तो मात्र वर पावडरही लावायचा.

पुस्तिका छापून आली. पान सात. गुलाब, कप, आणि मधे यतीन, कडेने दिव्यासारखे उजळलेले. खाली लिहिलं होतं: मिस्टर वाय. खांबेटे, व्हाइट ब्रिटिश, हॅरो. यतीननी ती कपाटात उलटी ठेवली. मी दुसरी प्रत मागवून पुण्याला सासूबाईंना पाठवली. त्यांचं वय ब्याऐंशी, पण अशा गोष्टीत नजर अजून तेज.

दहा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"घर छान आहे गं. गुलाबही छान. पण तुमच्या त्या सोसायटीला म्हणावं, फोटो काढणारा चांगला ठेवा."

"का हो, काय झालं?"

"काय झालं म्हणजे? आमच्या यतीनला किती सावळा दाखवलाय!"